डेडिकेटेड सर्व्हर घेतलाय पण कमांड लाइन येत नाही? क्लायंट लोकांचे नेहमीचे प्रश्न

मी लोकांचे सर्व्हर, म्हणजे साइट ज्यावर चालते ती मशीन, सांभाळतो. क्लायंटमध्ये एक मसालेवाले आहेत, एक क्लासवाले आहेत, एक स्थानिक बातम्यांची साइट आहे, आणि यातल्या एकालाही लिनक्स (सर्व्हर ज्यावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टिम) येत नाही. पण प्रश्न सगळ्यांचे तेच असतात आणि ते व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात येतात, कधी व्हॉइस नोट, कधी नुसतं "सर साइट" एवढंच. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. पुढच्या वेळी हेच पाठवीन, राग मानू नका.

मला ती काळी स्क्रीन, म्हणजे कमांड लाइन, शिकायला लागेल का?

नाही. ती माझी भाकरी आहे, माझ्याकडेच राहू द्या. तुम्हाला चार गोष्टी मात्र माहीत पाहिजेत: सर्व्हर कोणाकडून घेतलाय, त्याचं बिल कधी जातं, बॅकअप कुठे पडतो आणि पॅनेलमध्ये (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं पान) लॉगिन कसं करायचं. ज्याला हे माहीत आहे त्याला कमांड लाइन येणाऱ्या कुठल्याही माणसाकडून काम करून घेता येतं. ज्याला माहीत नाही तो त्या माणसाच्या ताब्यात जातो, मग तो माणूस मी का असेना.

शेअर्डवर चाललं होतं की, डेडिकेटेडच कशाला?

खरं सांगू का, बऱ्याच जणांना नकोच असतो. दिवसाला पाचशे-हजार लोक येणाऱ्या साध्या साइटला बरं शेअर्ड (एकाच मशीनवर अनेकांच्या साइट) नाहीतर छोटा व्हीपीएस (मशीनचा तुमच्यासाठी राखलेला तुकडा) पुरतो, आणि मी दोघा जणांना डेडिकेटेडवरून खाली उतरवलंय, माझं बिल कमी झालं तरी. निकालाच्या दिवशी एकदम हजारो पोरं साइटवर येतात, किंवा दुकानात वीस हजार प्रॉडक्ट आहेत आणि सर्च दिवसभर चालू असतो, तिथे स्वतःचं अख्खं मशीन, म्हणजे डेडिकेटेड, लागतं. शेअर्ड म्हणजे चाळ, व्हीपीएस म्हणजे फ्लॅट आणि डेडिकेटेड म्हणजे बंगला हे उदाहरण सगळेच देतात, मीही द्यायचो, पण त्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही की बंगल्याची पाण्याची टाकी आपणच धुवायची असते.

"मॅनेज्ड" म्हणून पैसे भरतो, मग कंपनी बघत नाही का?

घेण्याआधी विचारा की मॅनेज्डमध्ये नक्की काय येतं. अनमॅनेज्डमध्ये कंपनी वीज, नेटवर्क आणि हार्डवेअर बघते, डिस्क खराब झाली तर बदलून देते, आणि नव्या डिस्कवर डेटा परत आणणं तुमचं काम. मॅनेज्डची व्याख्या प्रत्येकाची वेगळी. कोणी ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट टाकतं पण वर्डप्रेसला हात लावत नाही, कोणी पॅनेल बसवून देतं आणि नंतर प्रत्येक तिकिटाला (नोंदवलेल्या तक्रारीला) पैसे मागतं. तीन प्रश्न लेखी विचारा: अपडेट कोण टाकणार, बॅकअपमधून रीस्टोर कोण करणार, मेल अडकले तर कोण बघणार. उत्तर गुळमुळीत आलं तर तो अनमॅनेज्डच समजा.

पॅनेल कोणतं घ्यायचं? फुकटवालं चालेल ना?

सीपॅनेल किंवा प्लेस्क. दोन्हीला लायसन्सचे पैसे पडतात, आणि सीपॅनेलने तर २०१९ पासून अकाउंटच्या संख्येवर दर लावला, त्यावेळी आमच्या धंद्यातले सगळे बोंबलले होते, मीसुद्धा. तरीपण ज्या क्लायंटला स्वतः थोडंफार करायचंय, म्हणजे मेल आयडी काढणं, पासवर्ड बदलणं, डोमेन (साइटचं नाव) जोडणं, त्याला मी हेच सांगतो, कारण अडलं तर यूट्यूबवर दहा व्हिडिओ मिळतात आणि मी बदललो तरी पुढच्या माणसाला ते येत असतं.

फुकटमध्ये वेबमिन-व्हर्च्युअलमिन आहे, हेस्टिया आहे, सायबरपॅनेल आहे. वाईट नाहीत. वेबमिन तर १९९७ पासून चालू आहे. पण फुकट पॅनेल म्हणजे अपडेटकडे कोणीतरी डोळ्यात तेल घालून बघायला पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेलला असं भोक सापडलं की लॉगिन न करता बाहेरून थेट रूटचा (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) ताबा घेता येत होता, आणि हजारो सर्व्हरवरच्या फाइल एका फटक्यात लॉक झाल्या. पॅनेल म्हणजे सर्व्हरचा पुढचा दरवाजा आहे. तो सगळ्या जगाला उघडा ठेवायचा नाही, ठरावीक आयपीवरूनच (इंटरनेट कनेक्शनचा नंबर) उघडेल असा ठेवायचा, पैशाचा असो की फुकटचा.

जाता जाता: सीपॅनेल २०८३ पोर्टवर (सर्व्हरच्या नंबर घातलेल्या दारावर) आणि डब्ल्यूएचएम, म्हणजे सगळ्या सर्व्हरचं मुख्य पॅनेल, २०८७ वर उघडतं. काही ऑफिसच्या नेटवर्कवर हे पोर्ट बंद असतात, त्यामुळे "पॅनेल गेलं" असा फोन करायच्या आधी मोबाइल डेटावरून बघा.

सर्व्हर माझा, मग रूटचा पासवर्ड मला का देत नाही?

देतो की. बंद पाकिटात देतो. तुमच्या तिजोरीत ठेवा आणि मी फोन उचलायचा बंद झालो तर फोडा. रोजच्या कामाला तुम्हाला सीपॅनेलचं लॉगिन आहे, त्यातून सगळा सर्व्हर बिघडवता येत नाही.

पाकिटाची पद्धत एका अनुभवानंतर आली. एका क्लायंटचा भाचा इंजिनिअरिंगला होता. फोटो अपलोड होत नव्हते, मामांनी त्याला रूट दिलं, आणि त्याने कुठेतरी वाचून सगळ्या फोल्डरला ७७७ परमिशन मारली, म्हणजे घराची सगळी दारं-खिडक्या काढूनच टाकली. फोटो अपलोड झाले! पोरगा हुशार ठरला. तीन आठवड्यांनी साइटवर औषधांच्या जाहिराती दिसायला लागल्या. तेव्हापासून लक्षात ठेवायला दोन आकडे सांगतो, फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४, आणि कोणी ७७७ करा म्हटलं तर आधी मला विचारा.

डोमेन आणि सर्व्हर कोणाच्या नावावर पाहिजे?

तुमच्या. माझ्या नाही, डिझायनरच्या नाही, भाच्याच्या तर नाहीच. मी असे लोक पाहिलेत ज्यांचं डोमेन जुन्या डिझायनरच्या नावावर होतं आणि तो दुबईला गेला, दोन महिने नुसता शोधाशोध.

यातच एक गंमत आहे जी चांगल्या चांगल्यांना कळत नाही. डोमेन आणि सर्व्हरच्या अकाउंटला जो ईमेल देता तो त्याच डोमेनचा देऊ नका. सर्व्हर बंद पडला की तुमचा मेलही बंद, पासवर्ड रीसेटची लिंक त्याच बंद मेलवर जाणार, म्हणजे किल्ली घरात आणि दार लॉक. वेगळा जीमेल ठेवा, मोबाइल नंबर मालकाचा ठेवा, मॅनेजरचा नको, मॅनेजर सोडून जातात.

कार्ड लावलेलं होतं तरी सर्व्हर सस्पेंड कसा झाला?

परदेशी कंपनीचा सर्व्हर असेल तर हे होतंच. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डवरून आपोआप पैसे कापायला ई-मँडेट, म्हणजे बँकेकडे आधी नोंदवलेली परवानगी, लागतं. ओटीपीशिवाय कापायची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० केली, आणि त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी. परदेशी कंपनीने आपल्या बँकेशी मँडेटची सोय केलेली नसेल तर पेमेंट गुपचूप फेल होतं, त्याचा मेल येतो, तो मेल स्पॅममध्ये जातो, आणि आठवड्याने साइट गायब. मग तुम्ही मला विचारता हॅक झाली का. आणि बिल थकलेलंच राहिलं तर कंपनी मशीन परत घेते आणि डिस्क पुसून दुसऱ्याला देते.

त्यामुळे जमेल तिथे वर्षाचे पैसे एकदम भरा किंवा अकाउंटला आगाऊ बॅलन्स ठेवा. तेही नको असेल तर डेटा सेंटर मुंबई-नवी मुंबईत असलेल्या दोन भारतीय कंपन्यांकडे विचारा, बिल रुपयात येतं, जीएसटीची पावती सरळ मिळते, सीए खूश.

बॅकअप आहे ना आपला?

हा प्रश्न लोक बरोबर चुकीच्या वेळी विचारतात, म्हणजे सगळं उडाल्यावर.

आधी एक गैरसमज. "दोन डिस्क आहेत, रेड आहे, मग बॅकअप कशाला?" रेड-१ म्हणजे एकच गोष्ट दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणं. एक डिस्क मेली तर दुसरी चालते, बरोबर. पण तुम्ही चुकून ऑर्डरचं टेबल उडवलंत तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी उडतं. चूकही तितक्याच इमानदारीने कॉपी होते.

दुसरा गैरसमज असा की बॅकअप त्याच कंपनीत, त्याच आवारात असला तरी चालतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, लाखो साइट्स बंद पडल्या, आणि ज्यांचा बॅकअप बाहेर कुठे नव्हता त्यांच्याकडे परत आणायला काहीच उरलं नाही. म्हणून मी बॅकअप वेगळ्या कंपनीकडे, वेगळ्या शहरात टाकतो. डेटाबेस (ऑर्डर, नोंदी साठवलेला भाग) रोज रात्री, पूर्ण अकाउंट आठवड्याला, सात रोजच्या आणि चार आठवड्याच्या प्रती ठेवायच्या, जुन्या आपोआप जातात. शिवाय बॅकअपच्या जागेची किल्ली सर्व्हरवर अशी ठेवायची नाही की हॅकर आत आला तर बॅकअपही पुसून टाकेल.

तुमचं काम एवढंच की महिन्यातून एकदा पॅनेलमधून अकाउंटची पूर्ण प्रत डाउनलोड करा आणि कपाटातल्या हार्ड डिस्कवर टाका. आणि हे आधीच सांगून ठेवतो, सीपॅनेलमधून काढलेला पूर्ण बॅकअप तुम्हाला स्वतः सीपॅनेलमधून परत चढवता येत नाही, त्याला डब्ल्यूएचएम लागतं, म्हणजे मी नाहीतर कंपनी. नुसता डेटाबेस किंवा होम फोल्डर वेगळा काढला असेल तर तो तुम्ही चढवू शकता. एका काकांनी पाच वर्षं इमानेइतबारे पूर्ण बॅकअप उतरवले होते आणि ऐन वेळी अपलोडचं बटणच सापडेना, पार रडकुंडीला आले होते.

दर तीन महिन्यांनी मी एक बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून साइट उघडते का ते बघतो. यासाठी दीड तासाचं बिल लावतो. त्यावर घासाघीस करू नका.

साइट उघडत नाहीये! काय करू?

आधी मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर बघा. डेटावर उघडली तर साइट चालू आहे, तुमच्या ऑफिसचा आयपी फायरवॉलने (सर्व्हरच्या पहारेकऱ्याने) ब्लॉक केलाय. माझ्याकडे येणाऱ्या "साइट डाउन" फोनमधलं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे: कोणीतरी मेलचा पासवर्ड बदलतो, अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये जुनाच राहतो, तो बिचारा आउटलुक दर पाच मिनिटांनी चुकीचा पासवर्ड ठोकत बसतो, आणि सर्व्हरला वाटतं चोर आला. गूगलवर "माय आयपी" शोधा, जो नंबर येईल तो मला पाठवा, दोन मिनिटांचं काम.

डेटावरही उघडत नसेल तर स्क्रीनवर काय लिहिलंय त्याचा पूर्ण स्क्रीनशॉट पाठवा, वरच्या ॲड्रेससकट, आणि किती वाजता दिसलं ते लिहा. ५०० म्हणजे बहुतेक वेळा कोड किंवा प्लगिनची (साइटला जोडलेल्या जादा तुकड्याची) भानगड, ५०३ म्हणजे सर्व्हर दमलाय किंवा काहीतरी बंद आहे, डेटाबेसचं नाव घेऊन रडत असेल तर मायएसक्यूएल (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) बघावं लागेल. "चालत नाही" एवढ्यावरून मला काही कळत नाही.

रीस्टार्ट मारू का?

नको. निदान मी सांगेपर्यंत नको. घरच्या राउटरसारखं नाहीये ते. डेडिकेटेड मशीन बूट व्हायला पाच-दहा मिनिटं सहज घेतं, कारण चालू होताना ते सगळी रॅम तपासत बसतं, आणि तेवढ्यात घाबरून तुम्ही परत बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. कंपनीच्या पोर्टलवर जे पॉवर सायकल असतं ते म्हणजे चालू मशीनची वायर ओढणं, त्यात डेटाबेस अर्धवट लिहिलेला राहू शकतो. आणि त्याच पानावर री-इन्स्टॉल नावाचं बटण असतं. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ते सगळं पुसून कोरी पाटी देतं.

रॅम ९५ टक्के भरलीय, वाढवायची का?

लिनक्स मोकळी रॅम फाइल्सच्या कॅशसाठी (नेहमीच्या फाइल हाताशी ठेवायला) वापरतो आणि कोणाला लागली की लगेच सोडतो. भरलेली दिसणं चांगलंच आहे. स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरलेली जागा) सतत वाढत असेल तर बोला.

डिस्कचं मात्र तसं नाही. डिस्क ८० टक्क्यांच्या वर गेली की मला सांगा, १०० झाली की डेटाबेस लिहायचा थांबतो, मेल परत जातात, लॉगिनही होत नाही. आणि जागा करायला म्हणून फाइल मॅनेजरमधून अनोळखी मोठ्या फाइल उडवू नका.

एवढा मोठा सर्व्हर घेतला तरी साइट स्लोच आहे?

मशीन मोठं झालं म्हणून सेटिंग आपोआप मोठी होत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी बफर पूल म्हणून एक सेटिंग असतं, त्याचं मूळ माप १२८ एमबी. म्हणजे तुम्ही ६४ जीबी रॅमचे पैसे भरताय आणि डेटाबेस १२८ एमबीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. एका दुकानाच्या साइटवर मी फक्त हे वाढवलं आणि मालकांनी विचारलं, नवीन सर्व्हर घेतला का?

बाकीचं तुमच्या हातात आहे. फोनवरून काढलेले सहा-सहा एमबीचे फोटो तसेच चढवू नका. बंद असलेले आणि "असू दे" म्हणून ठेवलेले प्लगिन काढा. आणि गिऱ्हाईक सगळं सांगली-कोल्हापूरचं असेल तर सर्व्हर जर्मनीत कशाला ठेवायचा, तिथे जाऊन यायलाच प्रत्येक वेळी शंभर मिलिसेकंदांच्या पुढे लागतात.

आमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये का जातात?

माझं स्पष्ट मत: धंद्याचे मेल वेब सर्व्हरवर ठेवूच नका. गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो, कोणाकडेही पैसे देऊन ठेवा. सर्व्हरवरून फक्त ऑर्डरचे आणि फॉर्मचे मेल जाऊ देत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे याचे पुरावे) तिन्ही सक्तीचे केले, आणि कमी पाठवणाऱ्यांनाही ते असले तर बरं जातं. हे तीन रेकॉर्ड डीएनएसमध्ये (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ती नोंदवही) मी टाकतो. चौथी गोष्ट म्हणजे रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद), ती सर्व्हर कंपनीकडूनच होते, त्याचं तिकीट तुमच्या लॉगिनमधून टाकावं लागतं. आणि दिवाळीच्या शुभेच्छा पाच हजार लोकांना सर्व्हरवरून पाठवू नका, एका दुपारीत आयपी बदनाम होतो.

ते हिरवं कुलूप कुठे गेलं? एसएसएल संपलं का?

नाही, क्रोमनेच २०२३ मध्ये कुलपाचं चिन्ह काढलं. एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट) संपलं तर लाल इशारा अख्खं पान अडवतो, ते कळतंच. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि पॅनेल ते आपोआप नवं करतं. फक्त डोमेन दुसरीकडे वळवलं की ते अडकतं, म्हणून डीएनएसला हात लावण्याआधी सांगा. विकतची सर्टिफिकेटंही आता वर्षभराची राहणार नाहीत, १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस, तेव्हा हाताने बदलत बसायचे दिवस गेले.

चाललंय ना सगळं, मग अपडेट कशाला?

सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, पीएचपी ७.४ (साइटचा कोड ज्यात लिहितात ती भाषा) चा तर २८ नोव्हेंबर २०२२ लाच. त्यानंतर सापडलेली भोकं मूळवाले बुजवत नाहीत. तरी आजही ही जोडी घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात काही प्रॉब्लेम नाही, फक्त जरा स्लो आहे. अशा वेळी मी जुन्यावरच डागडुजी करत नाही, नवीन मशीनवर अल्मालिनक्स (सेंटओएसच्या जागी आलेली लिनक्स) टाकतो, साइट तिथे नेतो, तुम्ही आठवडाभर तपासा, मग डीएनएस फिरवू. दोन महिने दोन सर्व्हरचं भाडं पडेल, धरून चाला. अपडेट मी मंगळवारी रात्री टाकतो. शुक्रवारी नाही, सेलच्या आदल्या दिवशी तर कोणी पाया पडलं तरी नाही.

हॅक झाली असं वाटतंय.

काही पुसू नका, काही रीस्टोर करू नका, आधी फोन करा. घाईने जुना बॅकअप चढवला की चोर कुठून आला त्याच्या खुणा जातात आणि भोक तसंच राहतं, चार दिवसांनी परत तेच. आणि सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि सर्व्हरचे लॉग (काय घडलं, कोण आलं-गेलं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. लॉग ठेवायची सेटिंग मी पहिल्याच दिवशी लावतो, कारण नाहीतर पॅनेल जुने लॉग साफ करत राहतं. कळवायचं पत्र मी लिहून देईन, सही तुमची.

उद्या तुम्हीच नसलात तर?

हा प्रश्न आजवर फक्त क्लासवाल्या मॅडमनी विचारला, बाकी सगळे लाजतात. बंद पाकिटात रूटच्या पासवर्डबरोबर एक कागद आहे, मराठीत लिहिलेला: सर्व्हर कुठे आहे, बॅकअप कुठे आहे, कोणत्या साइटला कोणती पीएचपी आहे, रोज रात्री आपोआप कोणती कामं चालतात, आणि कशाला हात लावायचा नाही. नवीन माणूस आला की तो कागद द्या, तो कामाला लागेल. त्याने पहिलं काम माझे लॉगिन आणि माझी एसएसएच की (सर्व्हरमध्ये शिरायची डिजिटल किल्ली) काढून टाकायचं करावं, तेही त्यात लिहिलंय. दर दिवाळीला कागद बदलून देतो, जुना माझ्यासमोर फाडायचा.

रात्री अडीचला फोन केला तर चालेल का?

साइट पूर्ण बंद असेल आणि मोबाइल डेटावरून बघून झालं असेल तर चालेल. लोगो थोडा डावीकडे घ्यायचा असेल तर सकाळी दहानंतर.